पस्तीस की पंच्याऐंशी

रविवार पेठेत, कुलुपांच्या घाऊक दुकानावर,
लाकडी जिना चढून गेलं की
बुरहानुद्दीन शेठचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
पाटी नाही. विचारत यावं लागतं.
विचारलं की खालचा हमाल वर बोट करतो, बोलत नाही.

माझ्या पाकिटात एक्केचाळीस हजार:
लागलेली भिशी, दिवाळीचा बोनस,
आणि विकलेल्या शिलाई मशीनचे अडीच.
रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये दिवसभर
मी एका डोळ्यानं लोकांच्या पेशी मोजते.
म्हटलं, आता त्याच डोळ्यानं
आख्खी माणसं बघू.

शेठनी आधी बॉडी ठेवली, पिवळ्या फडक्यावर.
"एक लाख बारा हजार क्लिक झालेत. खोटं सांगणार नाही.
कुणा लग्नवाल्याची होती."
पकडीवरचं रबर झिजून खळगा पडलेला,
माझा अंगठा बरोबर त्यात बसला.
किती मुंडावळ्या, किती पंगती,
किती वेळा "इकडे बघा, आत्या, इकडे"
असं त्याला म्हणावं लागलं असेल.

"चोवीस मेगापिक्सेल पुरतील का?"
"होर्डिंग लावायचंय का?"
मग जरा मऊ होऊन, "बॉडी म्हणजे भाड्याची खोली, बेन.
अकरा महिन्यांचा करार. काच मात्र बघून घे."

आणि दोन काचा ठेवल्या.
पस्तीस चपटी, कुंकवाच्या करंड्याएवढी.
पंच्याऐंशी गलेलठ्ठ, तिच्या पुढच्या भिंगात
दुकानाची खिडकी जांभळी होऊन तरंगणारी.
"दोन दिवस ने. अनामत ठेव. मंडईत जा."

गेले.

पंच्याऐंशी लावून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले.
लसूण सोलणारी बाई, तिच्या पापणीचा केस न् केस.
मागचे टेम्पो, मिरच्या, कुणाचं तरी भांडण
विरघळून लोणी झालेलं.
सुंदर. तिला कळलंही नाही.
दिवसभरात असे चाळीस चेहरे आणले,
लॅबमध्ये सकाळी बाटल्या येतात तसे,
नंबर असलेले, नावं नसलेले.

दुसऱ्या दिवशी पस्तीस.
पस्तीसला जवळ जावं लागतं, हातभर,
आणि हातभर अंतरावर माणूस विचारतोच.
"कुठल्या पेपरच्या?" "कशाला गं?" "आमचा कशाला?"
लसूणवाली म्हणाली, "थांब, हात धुते."
हात धुवून, पदर सारखा करून बसली ताठ,
कालची पापणी गेली, आधार कार्ड झालं.
मी कॅमेरा खाली घेतला. भाव विचारला.
भाव सांगताना तिचा चेहरा परत आला,
तोवर माझा फोकस तराजूवर गेलेला.
तो फोटो ठेवलाय. हललेला आहे.

तिसऱ्या दिवशी शेठना म्हटलं, तुमचाच काढते, दोन्हींनी.
त्यांनी सोनेरी काठाची टोपी सरळ केली.
पंच्याऐंशीसाठी मी मागे सरकत दारापर्यंत,
मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर.
अजून थोडी सरकले असते तर थेट कुलुपांत पडले असते.
चेहरा आला. राजबिंडा. पंधरा वर्षांनी लहान.

पस्तीसनं काउंटरवरूनच.
नाक मोठं आलं,
पण नाकामागे सगळं दुकान:
धूळ खाणारे फ्लॅश, उलटा टांगलेला ट्रायपॉड,
अर्धा कटिंग, कॅल्क्युलेटरवरचा पुसलेला आठ,
आणि कपाटाच्या काचेत मी, एक डोळा मिटून.

शेठ दोन्ही बघत राहिले,
पुढे मागे, पुढे मागे.
"हा घरी लावण्याजोगा," पहिल्याला म्हणाले.
दुसऱ्यावर अंगठा थांबला.
"ह्यात नाक माझ्या बापाचं आलंय."

मग चष्मा पुसून बिल लिहायला घेतलं.
कुठली काच, ते मी सांगितलं नव्हतं.
वर सिलिका जेलच्या चार पुड्या दिल्या,
"बंद डब्यात ठेव. बुरशी धरली की संपलं."

जिना उतरले तर तो हमाल
पोत्यावर बसून तंबाखू मळत होता.
"मिळालं का?" त्यानं विचारलं.
मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.